समासातले प्रश्नचिन्ह

समुद्राशी माझा संबंध पुस्तकांतून आला. बालपण पुण्यात गेले, नोकरीची वर्षे एका जिल्ह्याच्या गावी. दोन्ही ठिकाणी पाणी म्हणजे नदी, धरण, नाहीतर नळ. असे असूनही सव्वीस वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी सागरी कादंबरीचा मराठी अनुवाद केला आणि तो बऱ्यापैकी वाचला गेला. त्यातला वादळाचा उतारा पुढे काही वर्षे पदवीच्या पहिल्या वर्षाला नेमलेला होता. तो मी स्वतः सलग पाच वर्षे शिकवला. भर वादळात डोलकाठी वाचवण्यासाठी खलाशी काय करतो, हे मी फळ्यावर आकृती काढून कितीतरी मुलांना समजावून सांगितले आहे. ते सारे चूक होते, हे मला गेल्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात, गळ्यापर्यंत पाण्यात असताना समजले.

माझी भाची मुंबईत असते. नोकरी संगणकाची, जीव मात्र शिडाच्या होड्यांत. कुलाब्याच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावरील एका क्लबाची ती सभासद आहे. तिथे शनिवार-रविवार जोडून एक मेळावा होता: सभासदांच्या शर्यती, मुलांच्या शर्यती, आणि पाहुण्यांना होडीतून एक फेरी. ‘मावशी, समुद्राचं पुस्तक केलंस आणि शिडाच्या होडीत एकदाही बसली नाहीस?’ असे तिने फोनवर विचारले. प्रश्न थट्टेचा होता, पण मला तो लागला. पोहता येते, गुडघे अजून बरे आहेत, अशी स्वतःची समजूत घालून मी गेले.

शनिवारी सकाळी बंदर शांत होते. जमिनीवरून येणारा मतलई वारा जेमतेम जाणवत होता आणि घारापुरीच्या लाँचेस काचेवरून सरकाव्यात तशा जात होत्या. अकराच्या सुमारास वारा फिरला. वायव्येकडून तो असा सुरू झाला, की क्लबाच्या हिरवळीवर मांडलेले कागदी पेले उडाले आणि एका आजींची साडी सावरायला दोघीजणी धावल्या. मुंबईत दुपारी खारा वारा वाहतो, हे भूगोलाच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचलेले असते. पण हा प्रकार वेगळा होता. तो सलग वाहत नव्हता. एक जोरदार झोत, मग क्षणभर पोकळी, मग दुसऱ्याच बाजूने धक्का. भाचीने त्याचे कारण सांगितले. या बाजूच्या पाण्यावर येण्याआधी वायव्येचा वारा सबंध शहर ओलांडून येतो. उंच इमारती त्याला अडवतात, फोडतात, गल्ल्यांतून पिळून काढतात, आणि मग तो तुकड्यातुकड्यांनी पाण्यावर पडतो. दूर उघड्या समुद्रावर त्याच वाऱ्याला एक लय असते. किनाऱ्याजवळ तो लहरी होतो. शिवाय भरतीचे पाणी आत येत होते. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो. एवढे पाणी आत शिरत असताना वारा त्याच्या विरुद्ध अंगाने आला, की लाटा आखूड आणि उभ्या होतात. मोठ्या नसतात, पण माणसाला दम घेऊ देत नाहीत.

ध्वजस्तंभावर लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा ध्वज चढला. शर्यत पुढे ढकलली. त्याच्या शेजारी तांबड्या-पिवळ्या तिरप्या पट्ट्यांचा दुसरा: प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घातलेच पाहिजे. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक ध्वज घडी करून ठेवलेला होता; तो चढला तर शर्यत रद्द. वाऱ्यात आवाज पोहोचत नाही, म्हणून ही भाषा. तिच्यात पर्यायी शब्द नाहीत, ध्वनितार्थ नाही, आणि म्हणूनच बहुधा कुणी तिच्यावर प्रबंध लिहीत नाही. आयुष्यभर अनेकार्थतेचे गुण गाण्यात घालवलेल्या माझ्यासारखीला हा एकार्थी कारभार जरा रुक्षच वाटला.

शर्यत लांबल्यामुळे सारा दिवस गप्पांत गेला. मेळाव्याचा खरा भाग तोच असावा असे मला वाटू लागले. नौदलातले निवृत्त अधिकारी, पन्नास वर्षे या पाण्यावर काढलेले पारशी सभासद, एकट्याने होडी हाकणारी नऊ-दहा वर्षांची मुले. या मुलांच्या चौकोनी नाकाच्या होडीला ऑप्टिमिस्ट म्हणतात. 1947 साली अमेरिकेत क्लार्क मिल्स यांनी ती बेतली. वाऱ्यामुळे मुलांना सोडले नव्हते, म्हणून ती रुसून पायऱ्यांवर बसली होती. 1982 च्या आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती याच मुंबईच्या पाण्यावर झाल्या आणि त्यात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले, ही हकिगत एका वृद्ध गृहस्थांनी कालच पाहिल्यासारखी सांगितली. बोलणे पुढे ‘म्हादेई’वर आले. गोव्यात बांधलेल्या, तिथल्याच नदीचे नाव ल्यालेल्या या नौकेतून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. तशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ही माणसे हे सारे सांगत होती, पण त्यांच्या बोलण्यात ‘अथांग’, ‘रौद्र’, ‘अनंत’ यांपैकी एकही शब्द येत नव्हता. दोर किती जाडीचा होता, शीड कोणत्या क्षणी लहान केले, पाणी कुठून आत आले, असेच सारे.

आपल्या ललित लेखनातला समुद्र बहुधा किनाऱ्यावरून पाहिलेला असतो. त्याच्याकडे तोंड करून आपण उभे राहतो आणि त्याला प्रश्न विचारतो. संतांपासून चालत आलेला भवसागर तर पैलतीरासाठीच असतो. होडीत बसलेल्या माणसाला समुद्राबद्दल काय वाटते, याहून होडीबद्दल काय कळते, हे लिहिण्याची आपल्याला सवय नाही. अगदीच नव्हती असे मात्र नाही. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारावर लिहिले आहे. तारवांसाठी लाकूड कोणते घ्यावे, रयतेची आंब्या-फणसाची झाडे का तोडू नयेत, हे तिथे कामाच्या मराठीत सांगितले आहे. ते गद्य आपण शिवकालीन राजनीतीचा पुरावा म्हणून शिकवतो. गद्य म्हणून क्वचितच.

क्लबाच्या भिंतीवर ब्यूफर्टची वाऱ्याची मोजपट्टी टांगलेली होती. तिच्यापाशी मी बराच वेळ रेंगाळले. फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने 1805 मध्ये ती तयार केली: शून्यापासून बारापर्यंत. मला नवल वाटले ते याचे, की मुळात या मोजपट्टीत वेग नव्हताच. अमुक वाऱ्यात युद्धनौकेला किती शिडे पेलतील, हेच तिचे माप होते. पुढे समुद्राच्या रूपाची वर्णने आली, जमिनीवरच्या खुणाही आल्या: पाचाला पालवीची लहान झाडे डोलू लागतात, सहाला मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री सांभाळणे कठीण होते. वारा दिसत नाही. तो दुसऱ्या वस्तूंवर उमटलेला वाचायचा असतो. हे वाचून मला फार आनंद झाला. आपण साहित्याचे लोक दुसरे काय करतो, असेही मनात आले. सोमवारी परतल्यावर वर्गात हे कसे सांगायचे, याची वाक्येसुद्धा मी जुळवू लागले. माझी जुनी खोड आहे ती. वस्तू हाती येण्याआधीच तिचे रूपक करून ठेवायचे.

रविवारी वारा थोडा उतरला, पाचाच्या आतबाहेर. भाचीने मला एन्टरप्राइज जातीच्या होडीत घेतले. लांबी चार मीटर, माणसे दोन, शिडे निळी. मागे बसणाऱ्याच्या हाती सुकाणू आणि मोठे शीड. पुढच्याकडे लहान शीड, ज्याला जिब म्हणतात. उतरण्यापूर्वी फरशीवरच तिने मला धडा दिला. ‘ही जिबशीट. मी सांगितलं की ही सोडायची, दुसऱ्या बाजूची ओढायची.’ तिच्या हातात दोरी होती. मी मान डोलावली.

शिडाची होडी वारा येतो त्या दिशेला सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंश राखून एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, अशी ती नागमोडी चढत जाते. प्रत्येक वळणावर शिडे या बाजूची त्या बाजूला जातात आणि माणसांनाही वाकून बाजू बदलावी लागते. पहिली दोन वळणे तिने सावकाश, मला प्रत्येक हालचाल सांगत घेतली. तिसऱ्याला वाऱ्याचा तुकडा आला. पाण्यावर तो आधी काळसर सुरकुतीसारखा दिसला, आणि दिसला म्हणेपर्यंत अंगावर आला. होडी वळत होती. भाची ओरडली, ‘मावशी, शीट सोड!’

माझ्या दोन्ही मुठींत दोरी आवळलेली होती. मी वर शिडाकडे पाहिले.

किती क्षण पाहिले, सांगता येणार नाही. फार तर दोन. पण हे शीड मी सोडायचे तरी कसे, हा विचार त्यात पुरा झाला. शीड तर काठीला बांधलेले आहे. तेवढ्यात जिब चुकीच्या बाजूला अडकून वाऱ्याने फुगले, होडीचे नाक ढकलले गेले, आणि ती आमच्यासकट आडवी झाली.

सकाळी ऐकलेला अर्थ माझ्या डोक्यात होता. सव्वीस वर्षांपूर्वी छापलेला अर्थ हातांत होता, आणि हात आधी धावले. माझ्या अनुवादात वादळाच्या ऐन भरात नायकाला हुकूम मिळतो, आणि माझे वाक्य असे आहे: ‘त्याने शीड सोडून दिले.’ मूळ पुस्तकात ‘शीट’ आहे. शीट म्हणजे कापड, कापड म्हणजे शीड, असे मी ताडले होते; उच्चारही कसा शेजारी बसला! प्रत्यक्षात होडीवरची शीट म्हणजे शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेली दोरी. जुन्या इंग्रजीत शिडाच्या कोपऱ्याला जो शब्द होता, त्यावरून हे नाव आले. वाऱ्याचा जोर वाढला की ती ढिली करायची. शीड वारा सांडते आणि होडी सावरते. जोर ओसरला की पुन्हा ओढून घ्यायची. नायकाने काहीही सोडून दिलेले नव्हते. त्याने एक दोरी ढिली केली होती.

आता वर्गात मी काय शिकवले, ते सांगितले पाहिजे. ‘शीड सोडून देणे’ या कृतीवर मी पाच वर्षे व्याख्याने दिली. माणूस ज्याच्या बळावर पुढे जातो तेच संकटात त्याला बुडवू लागते, आणि प्रिय ते सोडण्याचे धैर्य ज्याच्यापाशी असते तोच तरतो, असा अर्थ मी लावला. त्याला गीतेचा आधार दिला. मुलांनी उत्तरपत्रिकांत ‘शीड हे आसक्तीचे प्रतीक आहे’ असे लिहिले आणि मी त्यांना गुण दिले. एका मुलाने मात्र मागच्या बाकावरून विचारले होते, ‘मॅडम, शीड सोडून दिल्यावर जहाज पुढं कसं जातं?’ प्रतीकाच्या पातळीवर हा प्रश्न उपस्थित होत नाही, असे मी त्याला उत्तर दिले. वर्ग हसला. तो खाली बसला. त्याचे नाव मला आठवत नाही. बसतानाचा त्याचा चेहरा आठवतो.

पाण्यात भाची शांत होती. आडवी झालेली होडी उभी करण्याची रीत ठरलेली असते. एकाने होडीच्या पोटातून खाली निघालेल्या फळीवर उभे राहायचे आणि जिबचीच दोरी धरून, मागे रेलून, अंगाच्या भाराने होडी ओढून उभी करायची. त्याआधी मोठ्या शिडाची दोरी अडकवलेली असेल तर ती मोकळी करायची, नाहीतर उभी राहताक्षणी होडी वारा घेते आणि पुन्हा लवंडते. ‘मावशी, ती दोरी मोकळी आहे का बघ,’ ती म्हणाली. या वेळी तिने शीट हा शब्द वापरला नाही. मी दोरी मोकळी केली. ती फळीवर चढली, रेलली, आणि पाण्यावर पसरलेले निळे कापड हळूहळू वर उठले. त्याच्यावरून खूप पाणी ओघळले.

किनाऱ्यावर क्लबाचे जुने होडीवाले होते, कुलाब्याच्या कोळीवाड्यातले. त्यांनी हात देऊन मला वर घेतले. माझ्या तळव्यांवर दोरीचे लाल वळ उठले होते. ते पाहून त्यांनी काय झाले ते विचारले. मी सांगितले, मला शीड सोडायचे असे वाटले. ते हसले नाहीत. ‘शीड सोडून कसं चालंल बाय?’ ते म्हणाले. ‘दोरी सोडायची. वारा दोरीत कळतो.’ दोरी! मी ज्याच्यासाठी परिभाषा शोधत बसले असते, तो शब्द विहिरीवर रोज हाताळलेला होता.

जोसेफ कॉनरॅडने ‘द मिरर ऑफ द सी’ या 1906 च्या पुस्तकात नांगराबद्दल अशीच तक्रार केली आहे. जमिनीवरचे लेखक जहाजाला नांगर ‘फेकायला’ लावतात, याचा त्याला राग होता. नांगर जहाजाच्या नाळेवर तयार लटकत असतो. तो नुसता सुटा करायचा असतो. खलाशांची बोली शतकांच्या अनुभवाने घासून अचूक झालेली असते आणि ती वापरताना बेपर्वाई करणे हा त्याला भाषेविरुद्धचा गुन्हा वाटे. समुद्रावर वीसेक वर्षे काढून मग परक्या भाषेत लिहू लागलेला तो माणूस. हे प्रकरण मी एम.ए.च्या वर्गाला शैलीचा नमुना म्हणून दिले होते. ‘नांगर टाकला’ असे मराठीतही आपण म्हणतोच, असे सांगून पुढे गेले होते. तो राग माझ्यावरही आहे, हे तेव्हा लक्षात आले नाही.

आणखी एक गोष्ट उरते, आणि तीच मला सर्वांत जड जाते. माझ्या अनुवादाची मुद्रिते माझ्या सरांनी वाचली होती. त्यांचे बालपण हर्णैला गेले. वडिलांचा मचव्यांचा व्यवसाय होता. अनुवादाची भाषा त्यांना आवडली होती, तसे त्यांनी कळवलेही. त्या एका वाक्याशेजारी समासात त्यांनी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढले होते, बाकी काही नाही. मी उलट टपाली लिहिले, ‘मुळात असेच आहे.’ त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मला वाटले, त्यांना पटले. आज वाटते, मुळाची शपथ घातल्यावर त्यांच्यासारखा सभ्य माणूस आणखी काय बोलणार? इंग्रजी माझा विषय होता, त्यांचा नव्हता. त्यांचा विषय हर्णैचे बंदर होता, आणि तो मी विचारला नाही. सर जाऊन अकरा वर्षे झाली.

घरी आल्यावर मी ती मुद्रिते माळ्यावरून काढली. प्रश्नचिन्ह आहे. फिकट झाले आहे, पण आहे.

योगायोग असा, की या पुस्तकाची नवी आवृत्ती काढण्याविषयीचे पत्र महिनाभरापूर्वीच आले होते आणि ‘जसे आहे तसे छापावे’ असे उत्तर मी लिहूनही ठेवले होते. ते पाठवले नाही. सबंध पुस्तक मुळाशी ताडून वाचायला घेतले आहे. आतापर्यंत चौदा जागा सापडल्या. एका प्रकरणात दारू प्यालेल्या कप्तानाच्या अंगावर मी तीन चादरी घातल्या आहेत. इंग्रजीत झिंगलेल्या माणसाबद्दल, शिडांच्या तीन दोऱ्या वाऱ्यावर सुटल्या, अशा अर्थाचा वाक्प्रयोग आहे. बिचाऱ्याला थंडी वाजत नव्हती. हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले, आणि मग बराच वेळ काही केले नाही.

वादळाचे वाक्य आता असे झाले आहे: ‘त्याने दोरी ढिली केली.’ जुन्या वाक्याचा डौल त्यात नाही. त्याच्यावर तासभर बोलता येणार नाही, त्यातून गीता निघणार नाही. पण जहाज त्यानंतर पुढे जाते, आणि का जाते हे वाचणाऱ्याला कळते. मागच्या बाकावरच्या त्या मुलाचा प्रश्न या वाक्याला विचारता येत नाही. प्रस्तावनेत ही चूक, त्याचा प्रश्न आणि सरांचे चिन्ह, तिन्ही नोंदवायचे ठरवले आहे. त्याच्या वाचनात ते येईल, अशी आशा धरायला मला हक्क नाही. तरी धरली आहे.

भाचीने परवा फोन केला. पावसाळ्यात होड्या बंद असतात, पण ऑक्टोबरात पुन्हा सुरू होतील. येणार का, असे विचारत होती. येते म्हणाले. मुद्रितांतले ते पान टेबलावर उघडेच आहे. प्रश्नचिन्हाखाली मी पेन्सिलीनेच तारीख घातली आणि लिहिले, ‘दोरी.’